किरमिजीच्या पोटातला किडा

शब्दाच्या पोटातून किडा निघाला तेव्हा मी शाळेच्या वाचनालयात एकटाच बसलो होतो. ताबडतोब उठून घरी जावं, अब्बांपुढे बसावं असं वाटलं, आणि त्याच क्षणी आज घरी जाऊच नये असंही वाटलं. झालं होतं एवढंच, की मुंबईहून मोठा इंग्रजी कोश आला होता. एकेचाळीस सालचा एप्रिल, लढाईमुळे पार्सल तीन महिने कुठंतरी अडकून पडलेलं. हेडमास्तरांनी तो शिक्के मारायला माझ्याकडे दिला, कारण नंदुरबारच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारा मी, आणि नवं पुस्तक आलं की आधी त्याचा वास घेणाराही मीच. हा कोश नेहमीसारखा नव्हता. प्रत्येक शब्दाखाली बारीक टायपात त्याचं सगळं खानदान दिलेलं: बाप कोण, आजा कोण, कुठल्या कुठल्या मुलखातून फिरत आला. दुसऱ्या दिवशी सहावीला शिकवायच्या कवितेत सूर्यास्त होता आणि सूर्यास्तात 'क्रिमझन' होता. दहा वर्षं मी 'गडद लाल' एवढं सांगून वेळ मारून नेत आलो होतो. म्हटलं, या वेळी नीट बघू.

इंग्रजांनी तो स्पेनच्या लोकांकडून घेतलेला. आपण आपले साहेबाचा शब्द म्हणून बिचकतो, आणि साहेबानं तो उसना आणलेला. स्पेनवाल्यांनी अरबांकडून घेतला आणि अरबीत तो 'किर्मिझी'. इथं मी मोठ्यांदा हसलो. किरमिजी! हा शब्द मी कळायला लागल्यापासून ऐकतोय. आमचं घर रंगरेजांचं. कुसुंबी, मोतिया, किरमिजी ही नावं आमच्या अंगणात माणसांच्या नावांसारखी वावरत. घरचाच माणूस परक्या गावच्या स्टेशनावर हॅट घालून उभा दिसावा तसं मला झालं. मी आणखी खाली गेलो. अरबीच्या मागे फारसी, 'किर्म'. फारसी मी मॅट्रिकपर्यंत शिकलोय. मौलवीसाहेब रेशमाच्या किड्याला किर्म-ए-अब्रेशम म्हणत आणि आम्ही फिदीफिदी हसत असू. फारसीच्या शेजारी संस्कृत, 'कृमि'. कृमीपासून जन्मलेला तो हा रंग. कृमी म्हणजे काय हे संस्कृत न येताही मला ठाऊक होतं, कारण दवाखान्याच्या दारावर पोटातल्या कृमींच्या औषधाची पाटी रोज वाचत मी शाळेत येतो. कोशात पुढे खुलासा होता: पश्चिमेकडे ओक नावाच्या झाडावर एक बारीक किडा होतो, तो वाळवून कुटला की हा लाल निघतो. आमच्या लाखेचं त्यात नावसुद्धा नव्हतं. पण माझ्या डोक्यात ओक उभा राहिलाच नाही. राहिला तो पळस. त्याच्या डहाळ्यांना बिलगलेली ओली लाख, मुंग्या लागलेली, दाबली की लाल पाणी सुटणारी, आणि ती मांडीवर घेऊन खांडबाऱ्याच्या बाजारात बसलेली फुलीबाई. ती लाख मी घेतली नव्हती. शिक्का हातात तसाच धरून मी बराच वेळ बसलो आणि शाई माझ्या अंगठ्यावर वाळून गेली.

हे आधी सांगायला हवं, की रंगरेजाच्या घरी जन्मून मला रंगातलं काही कळत नाही. हा अब्बांचा पराक्रम. फकीर रंगरेजाचे हात कोपरापर्यंत लाल असत, ईदच्या दिवशीसुद्धा लाल, आणि त्या हातांनी ते मला रंग उकळायच्या देगेपासून लांब लोटत. "तू हात साफ ठेव," म्हणत. शाळेत मास्तर हात तपासतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे मी देग पाहिली ती ओट्यावरून, हातात पाटी घेऊन. लाख कुटायची, पाण्यात घालायची, लोधाची साल, तुरटी, चिंचेचं पाणी, सगळं मला दिसायचं आणि काहीच कळायचं नाही. एक मात्र फार आवडायचं. रंग तयार झाला का हे अब्बा डोळ्यांनी बघत नसत. करंगळी बुडवून जिभेला लावत आणि डोळे मिटत. मग मान हलली की रेशीम देगेत जायचं. लाल रंग चवीनं ओळखणारा माणूस माझा बाप आहे याचा मला लहानपणी इतका गर्व होता, आणि पुढे इंग्रजी शाळेत गेल्यावर तितकीच लाज वाटू लागली, की या दोन्हींतलं एकही त्यांना कधी सांगितलं नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचं, हाजराआपाचं लग्न ठरलं तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. तिची ओढणी अब्बाच रंगवणार, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. पण दिवाळीनंतर अब्बांना हिवतापानं धरलं आणि लाख आणायला मला आगगाडीनं खांडबाऱ्याला धाडलं. "फुलीबाईकडूनच लेजो," एवढंच सांगितलं. अब्बा नमाज अरबीत पढतात, रागावतात उर्दूत आणि बाकीचं सगळं अहिराणीत बोलतात. मी त्या दिवशी नवा पांढरा सदरा घातला होता. फुलीबाई डोंगरातल्या पाड्यावरून पहाटे निघून बाजारात येऊन बसलेली, पुढ्यात डहाळ्यांचा ढीग. मी लांब उभा राहिलो. तिनं एक काडी मोडली, लाल रस तिच्या बोटांवरून ओघळला, मुंगी चढली, आणि ती माझ्या सदऱ्याकडे बघून हसली. "हात लाव ना, चावस नही," म्हणाली. मला त्या हसण्याचा राग आला. चार दुकानं पुढे एका व्यापाऱ्याकडे लाख होती ती कशी, तर कोरडी, हलकी, पिवळसर चमकणारी, एक मुंगी नाही, हाताला काही लागत नाही. शाळेत आम्हाला आरोग्याच्या धड्यात शिकवलंच होतं की स्वच्छ वस्तू ती चांगली वस्तू. मी ती घेतली. त्यानं कुटूनही दिली. घरी येऊन अब्बांना सांगितलं, फुलीबाईनं दिली. खोटं बोलताना जीभ अडली नाही, कारण मला वाटलं, लाख म्हणजे झाडाचा डिंक, हा काय आणि तो काय.

अब्बा थरथरत उठले. त्यांनी करंगळी जिभेला लावली, पण हिवतापावरच्या कडू कोयनेलनं त्यांच्या तोंडाची चव पार गेलेली; त्यांनी पुन्हा लावली, डोळे मिटले, आणि अंदाजानंच मान हलवली. ओढणी निघाली ती चहा सांडल्यासारखी. त्यांनी पुन्हा बुडवली. तुरटी वाढवली. तिसऱ्या दिवशी लग्न होतं. त्या ओढणीतच आपा शहाद्याला गेली आणि तिच्या सासरच्या बायकांनी, रंगरेजाची पोर आणि डोक्यावर धुवट फडकं, असं म्हणून घेतलं. अब्बांनी लाखेवर बोट ठेवलं नाही. तीस वर्षं फुलीबाईची लाख कधी फसली नव्हती आणि मुलगा खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं. मग उरलं काय? त्यांचा स्वतःचा हात. "हात मरी गया मन्हा," ते म्हणाले आणि तांब्याच्या दोन्ही देगा अंगणात पालथ्या घातल्या. पुढे पोटासाठी ते जर्मन पुडीचा रंग करत राहिले. पुडीला हात लागत नाही, उकळतं पाणी लागतं. दोन महिन्यांनी फुलीबाई विचारायला नंदुरबारला आली होती, फकीरभाई का दिसत नाही म्हणून. दारात मी होतो. अब्बा घरात होते आणि मी सांगितलं, नाहीत.

आता पुडीही बंद झाली. लढाई लागल्यापासून जर्मनीचा रंग येत नाही आणि अब्बा ओट्यावर नुसते बसून असतात. पालथ्या देगांवर कोंबड्या झोपतात. आणि नेमकं आत्ताच आपा तिच्या पोरीच्या, मेहरुन्निसाच्या निकाहाचं सांगायला आली, काखेत कोरं पांढरं रेशीम घेऊन. तीन आठवडे उरले होते. "अब्बा, एकच डाव हात लावा," तिनं मागच्याच आठवड्यात विचारलं होतं, मी कोपऱ्यात वह्या तपासत होतो. अब्बांनी रेशमाला हातसुद्धा लावला नाही. ते म्हणाले, "तुन्ही ओढणी खराब करी. आते तुन्ही पोरनी बी करू का?" आपानं रेशीम पेटीत ठेवलं, पण झाकण लावलं नाही. मी तपासलेल्या वहीवर दोनदा सही केली. तेव्हा मला एवढंच आठवत होतं की मी एकदा खोटं बोललो होतो. त्या खोट्याचा ओढणीशी काही संबंध असेल हे माझ्या शिकलेल्या डोक्यात अठरा वर्षांत एकदाही आलं नव्हतं, आणि ते आणून द्यायला एका शब्दाला स्पेनपर्यंत जाऊन यावं लागलं.

सहावीची ती कविता मी पुढे ढकलली. रविवारी सकाळच्या गाडीनं खांडबाऱ्याला गेलो. खातरी करून घ्यायला जातोय असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे अब्बांना सांगायचं आणखी एक सकाळ लांबवत होतो. गाडीत खिडकीशी बसून मी मनाशी सगळा ओघ पुन्हा म्हणत होतो, क्रिमझन, किर्मिझी, किर्म, कृमि, आणि मला वाटत होतं की हा शब्द किती वाळवंटं आणि समुद्र ओलांडून माझ्या टेबलावर आला, आणि माझ्याच घराच्या ओट्यावरून अंगणात उतरायला मला जमलं नाही. बाहेर पळसाची फुलं गळून गेली होती आणि कोवळी पानं फुटली होती. फुलीबाई हयात असेल का हाही प्रश्न होता. चौकशी केली तर लोकांनी हसून बोट दाखवलं. म्हातारी जागच्या जागी बसलेली, तोंडात दात नाहीत, पुढ्यात डहाळ्या. मी समोर जाऊन उकिडवा बसलो. तिनं माझ्या सदऱ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे, मग परत सदऱ्याकडे.

"धवळा सदरावाला," ती म्हणाली. घरी ती तिची डोंगरातली बोली बोलते, बाजारात अहिराणी, मोडकी पण ठणठणीत. "फकीरभाईना पोर. माले दारवरतून फिराई दिन्हं व्हतं तू."

मी मान खाली घालून हो म्हटलं आणि सगळं सांगितलं. व्यापाऱ्याची लाख कशी होती तेही सांगितलं, पिवळी, हलकी, साफ. ती ऐकता ऐकता हसायला लागली आणि मग एकदम थांबली.

"ती लाख काय कामनी? ते त खाली घर. जीव निंघी गयात, भिती ऱ्हायन्यात." तिनं एक डहाळी उचलून माझ्या नाकाशी धरली. "रंग जीवमा ऱ्हास, पोऱ्या. जीव मजार शे तवलगच काडी तोडनी पडस. आठ दिन उशीर व्हयना का गयं. आनि झाडवर थोडं बी ठेवनं पडस, नही त पुढला साले काय?" मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, "तुन्हा बाप माले सोडी गया आसं वाटनं व्हतं. मन्ही लाखले काय व्हयनं, मी इचार करू."

म्हणजे माझ्या एका खोट्यानं दोन माणसं पोळली होती. मी अठरा वर्षं एकाच अपराधाचा हिशेब धरत होतो, तोही चुकीचा. आणि इकडे ही बाई आपल्या झाडांकडे संशयानं बघत बसली होती. कोशातल्या विद्वानांनी पाच भाषा खणून जे काढलं, की हा लाल आतल्या किड्याचा, ते तिला कुणी विचारलं असतं तर तिनं एका काडीत दाखवलं असतं. मला तिथं बाजारात रडू आलं. तिनं मला रडू दिलं आणि तेवढ्यात डहाळ्यांचा भारा बांधून ठेवला. या वेळी मी तो काखेत धरला. गाडीत बसेपर्यंत माझ्या सदऱ्याच्या डाव्या बाजूला तळहाताएवढा लाल डाग पडला होता आणि समोरचा माणूस, लागलं का मास्तर, म्हणून विचारत होता.

घरी पोचलो तेव्हा दुपारची नमाज होऊन गेली होती. अब्बा ओट्यावर बसलेले, आपा अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी भारा अब्बांपुढे ठेवला. वाटेत मी बोलायचं ठरवलेलं सगळं व्यवस्थित होतं, सुरुवात, मधला भाग, शेवट, मास्तरासारखं. त्यातलं एक वाक्य तोंडात आलं नाही.

"अब्बा, आपाना लगनले लाख आनी व्हती, ती फुलीबाईनी नव्हती."

"मंग कोनी?"

"व्यापारीनी. साफ दिसनी म्हनीसन लिन्ही. तुमले खोटं सांगं."

अब्बांनी भाऱ्याकडे पाहिलं, माझ्या सदऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्यांना समजावून सांगावं लागेल. पण रंगाच्या बाबतीत त्यांना काय समजवायचं? त्यांनी एकच विचारलं. "जीव निंघेल लाख व्हती?"

मी मान हलवली. आपाचं सूप थांबलं होतं. मग त्यांनी उजवा हात उघडून मांडीवर ठेवला, सुरकुतलेला, पांढरट, आणि त्याच्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दिनमा पाच डाव वजूनं पानी हातवर लेस मी. अठरा वरीस. पाची डाव हाऊ हात देखस. अल्लानी काबरं लई लिन्हा, इचारस." त्यांनी आवाज चढवला नाही. उर्दूत आले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मी सुखानं ऐकून घेतल्या असत्या. मी तिथं खालीच बसून राहिलो आणि या माणसानं माझे हात साफ राहावेत म्हणून काय काय केलं ते सगळं माझ्या साफ हातांकडे बघत आठवत राहिलो.

आधी आपाच हलली. तांदूळ तिथंच ओतून ती आली आणि रिकामं सूप तिनं माझ्या पाठीत घातलं. "म्हंजे मन्ही ओढणी तू बिघाडी!" पुन्हा एक घातलं. "सासू मरेपावोत माले बोलनी, फडकं, फडकं म्हनीसन! आनि तू मास्तर व्हयी गया!" तिसरा फटका अर्ध्यावर राहिला, कारण तिला हसू फुटलं, हसता हसता ती रडायला लागली आणि मग ओट्याच्या कडेला बसून दोन्ही एकदम करू लागली. पस्तिशी उलटलेली माझी बहीण, लग्नाला आलेल्या पोरीची आई. इतकी वर्षं ती बापाचा हात फसला या दुःखात होती; ओढणीचं तिला तेवढं नव्हतं हे मला तेव्हा कळलं.

तिच्या त्या आवाजानं अब्बांनी वर पाहिलं. हात पुढे करून भाऱ्यातली एक डहाळी काढली. ती मोडली नाही, नखानं दाबली. लाल पाणी नखाखाली आलं. ते त्यांनी करंगळीवर घेतलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले. मी सात-आठ वर्षांचा असताना जसा श्वास धरून बघायचो तसा बघत होतो. त्यांची मान हलली.

"फुलीबाईनीच शे," ते म्हणाले. "म्हतारी जित्ती शे म्हन."

मग ते उठले. पायात चपलाही न घालता अंगणात गेले, कोंबड्या हुसकल्या, आणि एका देगेवर टिचकी मारून आवाज ऐकला. मी मागोमाग जाऊन देग सुलटी केली. आत कोळ्यांनी घर केलं होतं. आपा राख आणि चिंच घेऊन घासायला बसली. अब्बांनी मला खालून वर न्याहाळलं, डाग पडलेल्या सदऱ्यासकट, आणि म्हणाले, "बाह्या वर कर."

"मी?"

"मंग कोन? मन्हा हातमा आते जोर नही. जीभ मन्ही, हात तुन्हा."

दोन दिवस लागले, मी शाळेत रजा टाकली. लाख कुटताना रस उडत होता, कपाळावर, चष्म्यावर. अब्बा काठी घेऊन बाजूला बसून इतक्या चुका काढत होते की शाळेत मी तशा काढल्या असत्या तर पोरं पळून गेली असती. पाणी जास्त, आच जास्त, ढवळणं गावंढळ. एकदा तर, "तुले कोनी मास्तर कयं?" असंही म्हणाले, आणि मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम आणखी एकदा चुकीचं ढवळलं. मंगळवारी संध्याकाळच्या आधी त्यांनी तिसऱ्यांदा करंगळी जिभेला लावली आणि पेटीतलं रेशीम आणायला सांगितलं. ते बुडवायला मात्र त्यांनी मला दिलं नाही. स्वतः बुडवलं, दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत. बाहेर काढलं तेव्हा आपानं तोंडावर हात ठेवला. त्या रंगाला मी काय म्हणू? त्याचे सगळे बापजादे आता मला पाठ होते आणि त्यांतला एकही पुरला नसता. उद्या सहावीत फळ्यावर तो शब्द लिहिताना पोरं माझ्या हाताकडे बघतील, मग मला अर्थ सांगावा लागणार नाही.

ओढणी दोरीवर गेली आणि मशिदीतून अस्रची, तिसऱ्या प्रहराची अजान झाली. अब्बा वजूला बसले. मी तांब्या घेऊन त्यांच्या हातांवर पाणी धरलं, माझेही हात लालच. त्यांनी चोळून चोळून हात धुतले. पाणी गुलाबी होऊन मोरीत गेलं, मग नितळ झालं, आणि लाल तसाच राहिला, नखांत, सुरकुत्यांत, मनगटापर्यंत. त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला. अजान संपली. मी तांब्या खाली ठेवू लागलो.

"टाक, आखो टाक," अब्बा म्हणाले. "देखू दे, जास का."

मी आणखी एक तांब्या ओतला. नाही गेला.